दंडावरचा व्रण, सापाचं विष आणि डॉ. काल्मेट

तुमचा डावा दंड पाहा. खांद्याच्या थोडं खाली एक लहानसा गोल, किंचित खोलगट व्रण दिसेल. लहानपणी टोचलेल्या बीसीजी लशीची ती खूण. क्षयरोगाच्या गंभीर प्रकारांपासून बाळाला वाचवणारी ही लस आपल्याकडे जन्मानंतर लगेच देतात. तिच्या नावातलं मधलं अक्षर एका फ्रेंच डॉक्टरच्या आडनावाचं आहे. त्यांचं नाव आल्बेर काल्मेट.

याच डॉक्टरांनी केलेलं आणखी एक काम आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दर पावसाळ्यात कोणाचा ना कोणाचा जीव वाचवतं. सर्पदंशावर सरकारी दवाखान्यात शिरेतून जे प्रतिविष देतात, त्याचा पाया घालणाऱ्यांत काल्मेट आघाडीवर होते.

त्यांचं आयुष्य इथे सांगण्याचं एक कारण आहे. साप चावलेल्या रुग्णाचे नातेवाईक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्यात दोन समजुती हमखास दिसतात. काहींना वाटतं की साप कोणताही असो, इंजेक्शन एकच, त्यामुळे सापाबद्दल काही सांगायची गरज नाही. काहींना वाटतं की साप हाती लागल्याशिवाय डॉक्टर उपचारच करणार नाहीत, म्हणून ते आधी काठ्या घेऊन साप शोधतात आणि रुग्ण ओटीवर तसाच पडून राहतो. दोन्ही समजुतींत थोडं खरं आणि बरंच चुकीचं आहे. नेमकं काय खरं, हे काल्मेट यांच्या आयुष्यातल्या एका यशातून आणि एका चुकीतून नीट समजतं.

नौदलाचं स्वप्न आणि डॉक्टरकी

काल्मेट यांचा जन्म 12 जुलै 1863 रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात झाला. त्यांना नौदलात अधिकारी व्हायचं होतं. ऐन शाळकरी वयात टायफॉइड झाला आणि तो मार्ग बंद झाला. पण समुद्राची ओढ सुटली नाही. त्यांनी नौदलाच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला आणि जहाजावरचे डॉक्टर म्हणून ते जगभर फिरले.

हाँगकाँगला असताना त्यांची भेट पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांशी झाली. हत्तीरोगाचे जंतू डासांच्या शरीरात वाढतात हे मॅन्सन यांनी दाखवलं होतं. कोकणात हत्तीरोग नवा नाही, त्यामुळे हा शोध किती मोठा होता हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तरुण काल्मेट यांनी आपला प्रबंध त्याच रोगावर लिहिला. पुढे आफ्रिकेत आणि मग उत्तर अमेरिकेजवळच्या एका लहान फ्रेंच बेटावर त्यांची नेमणूक झाली. त्या बेटावर मासेमारी हाच धंदा होता. खारवून ठेवलेले मासे लाल पडून खराब होत आणि कोळ्यांचं नुकसान होई. काल्मेट यांनी ते मासे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि लाली आणणारा जंतू शोधून काढला. लोकांच्या रोजच्या अडचणीतून प्रश्न उचलायचा आणि प्रयोगशाळेत त्याचं उत्तर शोधायचं, ही त्यांची सवय शेवटपर्यंत टिकली.

1890 मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकायला गेले. त्यांची हुशारी पाहून लुई पाश्चर यांनी त्यांना एक मोठी जबाबदारी दिली. फ्रान्सबाहेर सायगाव इथे, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरात, संस्थेची शाखा उघडायची होती. तेव्हा काल्मेट अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

पिंपातून आलेले नाग

सायगावला पोहोचल्यावर त्यांनी आधी देवीची आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस तयार करायला घेतली. त्याच वर्षी, 1891 मध्ये, मेकाँग नदीच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला. पूर आला. भातखाचरांत आणि बांधांच्या बिळांत राहणारे नाग पाण्यामुळे बाहेर पडले आणि कोरडी जागा शोधत एका गावात शिरले. सुमारे चाळीस माणसांना दंश झाला आणि त्यांतली चार दगावली. कोणीतरी ते नाग जिवंत पकडले, पिंपात भरले आणि काल्मेट यांच्याकडे पाठवून दिले.

इथे थोडं थांबा. चाळीस जणांना नाग चावला आणि चौघं गेली. मग उरलेले कसे वाचले? साप चावतो तेव्हा दरवेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही. कधी दात नीट रुतत नाहीत, कधी विष आधीच भक्ष्यावर खर्च झालेलं असतं, कधी साप फक्त घाबरवण्यासाठी चावतो. विषारी सापाच्या चाव्यातही विष अंगात न जाण्याची शक्यता असते, आणि आपल्याकडे चावणारे बरेच साप मुळात बिनविषारीच असतात. अशा रुग्णाला मांत्रिकाकडे नेलं तरी तो बरा होतो, मग श्रेय मंत्राला आणि पाल्याच्या रसाला मिळतं. ज्याच्या अंगात खरंच विष गेलेलं असतं, तो मात्र त्याच अंगणात बसून आपला उपचाराचा वेळ गमावतो.

काल्मेट यांनी त्या नागांचं विष काढलं आणि प्रयोग सुरू केले. आधी सोन्याच्या क्षारासारखी रसायनं विषावर चालतात का, ते पाहिलं. हाती फारसं लागलं नाही. तेवढ्यात युरोपातून एक नवी कल्पना आली होती. 1890 मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं होतं की घटसर्प आणि धनुर्वाताचं विष जनावराला अगदी थोडं थोडं दिलं, तर त्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारे घटक तयार होतात. हेच सापाच्या विषाबाबत होईल का, असा काल्मेट यांचा प्रश्न होता.

आजारपणामुळे त्यांना 1893 मध्ये फ्रान्सला परतावं लागलं. तिथे काम पुढे गेलं. 10 फेब्रुवारी 1894 रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. योगायोग असा की त्याच दिवशी, त्याच सभेत फिसालिक्स आणि बर्त्रां या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीही तिकडच्या एका विषारी सापावर केलेलं तसंच काम सादर केलं. म्हणून प्रतिविषाचं श्रेय एकट्या काल्मेट यांना देता येत नाही. पण ते माणसांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार करून दवाखान्यांपर्यंत पोहोचवण्याचं काम प्रामुख्याने त्यांनी केलं. 1895 मध्ये ते लील शहरातल्या नव्या पाश्चर संस्थेचे संचालक झाले. तिथे घोड्यांना विषाची मात्रा हळूहळू वाढवत देत, आणि घोडा तयार झाला की त्याच्या रक्तातला द्रवभाग, म्हणजे सीरम, वेगळा काढून बाटल्यांत भरत. त्या बाटल्या जहाजाने भारतातही येऊ लागल्या.

आजही पद्धत मुळात तीच आहे. शुद्धीकरण कितीतरी सुधारलं, पण विषाशी लढणारे घटक अजून घोड्याच्याच रक्तातून येतात. म्हणूनच काही रुग्णांना हे इंजेक्शन देताना अंगावर पित्त उठतं, थंडी वाजते, दम लागतो किंवा रक्तदाब खाली जातो. अशा वेळी लागणारं ॲड्रेनॅलिन आम्ही आधीच भरून ठेवतो. घरी किंवा गाडीत हे इंजेक्शन देत नाहीत, त्याचं कारण हेच.

काल्मेट कुठे चुकले

आता त्यांच्या चुकीकडे येऊ. नागाच्या विषाविरुद्ध बनवलेलं सीरम सर्वच सापांच्या विषावर चालेल, असं काल्मेट यांना वाटत होतं. सगळ्या सापांच्या विषांत एक समान मारक घटक असावा, असा त्यांचा कयास होता. विचार सोयीचा होता. एकच औषध बनवा आणि जगभर पाठवा.

पण ऑस्ट्रेलियात मार्टिन यांना आणि ब्राझीलमध्ये वितल ब्राझील यांना तिथल्या सापांच्या विषावर हे सीरम चालताना दिसलं नाही. आणि आपल्या मुंबईत, परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम या लष्करी डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला नाग आणि घोणस यांची विषं शेजारी शेजारी ठेवून तपासली. नागाविरुद्धचं सीरम घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरलं.

काल्मेट यांनी आपलं म्हणणं सहजासहजी सोडलं नाही. पण पुरावा वाढत गेला. ज्या सापाचं विष, त्याच विषावर तयार केलेलं प्रतिविष हवं, हा नियम पक्का झाला. पुढे कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत नाग आणि घोणस या दोघांविरुद्धचं सीरम बनू लागलं, आणि नंतर चार सापांविरुद्धचं एकत्र प्रतिविष आलं. तेच आज तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं.

विषं वेगळी का असतात

साप विष बनवतो ते माणसासाठी नाही, भक्ष्य पकडण्यासाठी. तो कुठे राहतो आणि काय खातो, याच्याशी त्याच्या विषाचा संबंध असतो. आपल्या जिल्ह्यातले साप पाहिले की हे लगेच लक्षात येतं.

फुरसं: कोकणात साधारण फूटभर लांबीचं, क्वचित दीड फूट. मातकट तपकिरी रंग, अंगावर फिकट नागमोडी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण. जांभ्या दगडाचे सडे, गडगे, आंबा-काजूच्या बागांतले दगडगोटे ही त्याची आवडती जागा. विंचू, गोम, किडे, बेडूक, लहान सरडे आणि उंदराची पिल्लं हे त्याचं खाणं. डिवचलं की इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं करून अंगाचे खवले एकमेकांवर घासतं आणि करकर आवाज करतं. रत्नागिरी आणि फुरसं यांचं नातं जुनं आहे. ब्रिटिश काळात सरकारने फुरसी मारण्यावर बक्षीस लावलं होतं. 1862 मध्ये बक्षीस वाढवल्यावर अवघ्या आठवडाभरात लाखाहून जास्त फुरसी मारून आणल्याची नोंद आहे. तरीही फुरसं संपलं नाही. त्याच्या विषामुळे रक्त गोठायचं बंद होतं. दंशानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ लागतं. साप लहान म्हणून त्याला किरकोळ समजू नका.

घोणस: तीन ते चार फूट, जाडजूड, अंगावर साखळीसारखे गडद ठिपके. गवत, शेताचे बांध, पेंढ्याच्या उडव्यांची आसपास. उंदीर-घुशींच्या मागावर असते. कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार करते. चावल्यावर खूप दुखतं, सूज चढते, रक्त गोठत नाही आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

नाग: साधारण तीन ते पाच फूट. वारुळं, भातखाचरं, घराजवळची कोठारं. उंदीर, बेडूक, पक्ष्यांची अंडी आणि दुसरे सापही खातो. विष मज्जासंस्थेवर जातं. पापण्या मिटू लागतात, बोबडी वळते, श्वास अडतो. दंशाची जागा काळी पडून सडूही शकते.

मण्यार: तीन-चार फूट, काळीनिळी चकाकी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, बरेचदा जोडीने. ती रात्री फिरते आणि मुख्यतः दुसरे साप, पाली आणि उंदीर खाते. भक्ष्य शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक की झोप मोडत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, डोळे उघडत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं धडधाकट माणूस सकाळी असं दिसलं, तर दंशाची खूण नसली तरी सर्पदंश मनात आणा.

हे चार साप आपल्या प्रतिविषात आहेत. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये नाग आणि घोणशीचं प्रत्येकी 0.6 मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी 0.45 मिलिग्रॅम विष निकामी करण्याची क्षमता असते. एक कुपी 10 मिलिलिटरची. सुरुवातीला बहुधा दहा कुप्या लागतात. मूल लहान असलं म्हणून मात्रा कमी करत नाहीत, कारण सापाने त्याच्या अंगातही तेवढंच विष सोडलेलं असतं.

प्रतिविषात नसलेले सापही आपल्याकडे आहेत. सह्याद्रीच्या उताराला झाडाझुडपांवर बसणारा चापडा दोन-अडीच फुटांचा, बेडूक आणि सरडे खाणारा. त्याच्या दंशाने प्रचंड दुखतं आणि सूज येते, पण मृत्यू क्वचितच होतो. मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे समुद्री साप मासे खातात. त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, विष जहाल असतं आणि आपल्या प्रतिविषाचा त्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी रुग्णालयातली देखरेख, वेदनाशामक, गरज पडली तर कृत्रिम श्वास आणि डायलिसिस हेच उपचार. तिथे काल्मेट यांची चूक आपल्याला सावध करते: प्रतिविष चालणार नाही तिथे ते देऊन फायदा नाही, त्रासाचा धोका मात्र राहतो.

बिनविषारी सापांची यादी याहून मोठी आहे. उंदीर फस्त करणारी सहा-सात फुटांची धामण, विहिरीत आणि ओढ्यात मासे-बेडूक खाणारी दिवड, अंगणातली नानेटी, भिंतीवर पालीमागे चढणारा कवड्या. यांतला कवड्या मण्यारीसारखा दिसतो आणि डुरक्या घोणस खऱ्या घोणशीसारखी. भल्याभल्यांची इथे गल्लत होते. म्हणूनच घरच्यांनी साप बिनविषारी ठरवून घरी थांबणं धोक्याचं आहे.

साप न पाहता डॉक्टर कसं ओळखतात

काल्मेट यांच्या काळात डॉक्टरला साप ओळखता आला नाही तर अंदाजाने चालावं लागे. आज आम्ही सापापेक्षा रुग्णाकडे जास्त पाहतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवतो. मग नळी तिरपी करतो. रक्त गोठलं नसेल तर फुरसं किंवा घोणस. पापण्या जड होत असतील, मान धरवत नसेल तर नाग किंवा मण्यार. चारही सापांवर एकच मिश्र प्रतिविष असल्यामुळे नेमका कोणता, हे कळण्यासाठी उपचार थांबत नाहीत. पहिली तपासणी ठीक आली तरी निदान चोवीस तास दवाखान्यात ठेवतो, कारण विषाची लक्षणं उशिरा येऊ शकतात. त्या वेळी घरी सोडण्याचा हट्ट करू नका.

क्षयरोग, युद्ध आणि सर्वांत कठीण वर्षं

काल्मेट यांच्या उरलेल्या आयुष्याबद्दल सांगतो. लील हे गिरण्यांचं शहर. कामगारांच्या चाळींत क्षयरोग घरोघरी. 1901 मध्ये त्यांनी गरीब रुग्णांसाठी क्षयरोग दवाखाना काढला आणि मग लशीच्या मागे लागले. कामिय गेरँ हे पशुवैद्य त्यांचे सहकारी. गायींना होणाऱ्या क्षयाचे जंतू बैलाच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर वाढवले, तर ते हळूहळू सौम्य होतात, असं दोघांना दिसलं. 1908 पासून दर तीन आठवड्यांनी ते जंतू नव्या बटाट्यावर हलवत राहिले. असं तेरा वर्षांत 230 वेळा केलं.

मधेच पहिलं महायुद्ध आलं. चार वर्षं लील जर्मनांच्या ताब्यात होतं. काल्मेट यांच्या पत्नीला शहरातल्या इतर स्त्रियांबरोबर ओलीस म्हणून जर्मनीला नेऊन ठेवलं. बटाटाही मिळेनासा झाला, पण काम सुटलं नाही. 1921 मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला प्रथमच ही लस पाजली. त्याची आई क्षयाने गेली होती. बाळ सुखरूप राहिलं. त्या जंतूला दोघांची नावं मिळाली आणि बीसीजी हा शब्द जन्माला आला.

1930 मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात सुमारे अडीचशे बाळांना ही लस दिली गेली आणि सत्तरहून अधिक बाळं क्षयाने दगावली. साऱ्या जगाची बोटं काल्मेट यांच्याकडे वळली. चौकशीत निघालं की तिथल्या प्रयोगशाळेत लशीत क्षयाचे खरे, जहाल जंतू मिसळले गेले होते. लस निर्दोष ठरली. पण तोपर्यंतची दोन वर्षं त्या माणसाने कशी काढली असतील, याची कल्पना करा. 29 ऑक्टोबर 1933 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. स्वतंत्र भारतात 1948 पासून बीसीजी टोचायला सुरुवात झाली. त्यांचं नाव आपल्या दंडावर आलं ते पाहायला ते नव्हते.

तुमच्यासाठी

काल्मेट यांनी दिलेलं औषध खरं होतं, त्यांनी लावलेला हिशेब अपुरा होता, आणि परळपासून ब्राझीलपर्यंतच्या डॉक्टरांनी तो पुरा केला. आता उरतं ते रुग्णाला त्या औषधापर्यंत वेळेत पोहोचवणं. भारतात आजही दरवर्षी सर्पदंशाने पन्नास हजारांहून जास्त माणसं जातात असा अंदाज आहे, आणि त्यांतले बरेच मृत्यू रुग्णालयाबाहेर होतात. तुमच्या घरातलं माणूस त्यांत असू नये म्हणून हे लक्षात ठेवा.

- रुग्णाला धीर द्या. चालवू, पळवू नका. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा.
- अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर ती निघत नाहीत.
- घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, बर्फ लावू नका. पट्टा बांधणं आणि जखमेभोवती रसायनं टोचणं हे काल्मेटही सुचवत. आज आम्ही ते करत नाही.
- 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. प्रतिविष तिथे मोफत मिळतं.
- साप शोधू नका, मारू नका, पिशवीत घालून आणू नका. मेलेला वाटणारा सापही चावू शकतो. दुरून फोटो सहज मिळाला तर घ्या.
- दंश किती वाजता झाला, कुठे झाला (सड्यावर, भातात, अंथरुणात, झाडावर, जाळ्यात) आणि सापाची लांबी-रंग कसा होता, एवढं डॉक्टरांना सांगा. गावागावांत नावं बदलतात, म्हणून नावापेक्षा वर्णन उपयोगी पडतं.

घराजवळचे दगडांचे आणि लाकडांचे ढीग हटवा, कारण तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बागेत गवत काढताना, चिरे हलवताना बूट घाला, आणि हात घालण्याआधी काठीने जागा हलवून पाहा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. पावसाळ्यात शक्यतो खाटेवर झोपा, जमिनीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. आणि तुमच्या घरापासून जवळ प्रतिविष असलेलं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा.